छापलेल्याला प्रश्न विचारायचा कसा?

परभणी जिल्ह्यातून एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र हे विषय, शिवाय मराठी, आणि सोबत राज्यसेवेची तयारी म्हणून भूगोल. घरी सोयाबीन-तुरीची कोरडवाहू शेती. दहावीला तिला ब्याण्णव टक्के होते. "तेव्हा पुस्तक तीनदा वाचलं की भागायचं," ती लिहिते. "आता पाच-पाच वेळा वाचते, पिवळ्या पेनाने पानंच्या पानं रंगवते, तरी पुस्तक मिटलं की डोकं कोरं." कॉलेजच्या चाचणीत तिने गाइडमधलं उत्तर जसंच्या तसं उतरवलं. दहापैकी चार गुण मिळाले आणि सरांनी लाल पेनाने शेरा मारला : ‘यात तुमचा विचार कुठे आहे? चिकित्सक वाचा.’ तसं वाचायचं कसं, हे मात्र कुणी सांगितलं नाही. वडील म्हणतात, छापलेल्यावर शंका घेणारी तू कोण? मैत्रीण म्हणते, एकच गाइड धर, बाकीचं सोड. संभाजीनगरला वेगवाचनाचा एक क्लास आहे, त्याची फी सहा हजार. तिचा प्रश्न असा : "माझ्यात हुशारीच कमी आहे का? गाइड धरू, क्लास लावू, की अजून पुस्तकं वाचू?"

अगं, हुशारी कमी असती तर हे पत्र इतकं नेमकं लिहिता आलं नसतं. तो विषय इथेच मिटवू.

तुझ्या पत्रात दोन गोष्टी तू गृहीतच धरल्या आहेत. वाचन हे सगळीकडे सारखंच काम, दहावीत जमलं तसंच आताही जमायला हवं, ही पहिली. आणि चिकित्सा म्हणजे पुस्तकाच्या चुका काढणं, तेवढी आपली पात्रता नाही, ही दुसरी. मला दोन्ही पटत नाहीत. दुसरीपासून सुरुवात करते, कारण तिचा संबंध तुझ्या वडिलांशी आहे.

सोयाबीन विकून आल्यावर अडत्याने दिलेली पट्टी ते कशी वाचतात, हे तू घरात पाहिलं असशील. वजन किती धरलं, ओलावा किती दाखवला (बाराच्या वर गेला की भाव तोडतात), हमाली-तोलाई किती कापली, मागची उचल वळती केली का, आणि हातात आलेली रक्कम या सगळ्याशी जुळते का. पट्टीही छापीलच असते. ती तपासली म्हणून ते अडत्याला चोर म्हणत नाहीत. पुढच्या वर्षी माल त्याच्याच दुकानी घालतात. आकडा कशावरून आला, एवढंच त्यांना हवं असतं. त्यांना एकदा असं सांगून बघ, की पुस्तकाला मी याहून जास्त काही विचारत नाही.

आता पहिली गोष्ट. प्रत्येक विषय एखादी गोष्ट खरी ठरवतो ती आपापल्या रीतीने. इतिहासात साक्षीदार लागतो, अर्थशास्त्रात मोजमाप, भूगोलात कारण जोडावं लागतं, कायद्यात अटी आणि अपवाद, तर साहित्यात बोलणारा कोण हे आधी पाहावं लागतं. तू सगळ्या विषयांना एकच पिवळा पेन लावतेस, म्हणून सगळी पानं सारखीच दिसतात आणि डोक्यात काही उरत नाही. दहावीला ते चाललं, कारण तिथे ‘काय’ एवढंच विचारत होते. आता ‘कशावरून’ विचारतात.

इतिहासाचं उदाहरण घराजवळचंच घेऊ. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली. गाइडमध्ये साधारण असं वाक्य असतं : ‘सुलतानाने दिल्लीची सर्व जनता सक्तीने दौलताबादला हलवली, दिल्ली ओस पडली.’ हे तू पाच वेळा वाचलंस तर पाठ होईल. एकदाच वाच, पण विचार, हे कुणी पाहिलं?

सांगणाऱ्यांपैकी दोघे घेऊ. पहिला झियाउद्दीन बरनी. शहरात कुत्रं-मांजरसुद्धा उरलं नाही, असं त्याने लिहिलं. हा सुलतानाच्या दरबारात सतरा वर्षं होता, म्हणजे माहिती जवळची. पण त्याने लिहिलं १३५७ च्या सुमाराला, घटनेला तीस वर्षं झाल्यावर. तोवर सुलतान मेला होता, नव्या सुलतानाची बरनीवरची मर्जी गेली होती आणि म्हातारपण हलाखीत चाललं होतं. दुसरा मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता. दिल्लीत मागे राहिलेल्या एका आंधळ्याला दौलताबादपर्यंत फरफटत नेलं आणि पोचला तो फक्त त्याचा पाय, ही गोष्ट त्याचीच. पण तो दिल्लीत आला १३३४ च्या सुमाराला, स्थलांतरानंतर सात वर्षांनी. त्याने पाहिलं काहीच नव्हतं, लोकांच्या तोंडचं ऐकलं होतं. आणि आपली हकिगत त्याने सांगितली ती मोरोक्कोला परत गेल्यावर.

मग दोघे खोटारडे ठरतात का? नाही. पण बरनी दरबारी माणूस. त्याच्या लेखी ‘शहर’ म्हणजे त्याच्या ओळखीचे अमीर, उलेमा, सूफी, अधिकारी. ते खरोखरच हलवले गेले. त्याचा पुरावा तुला दौलताबादहून खुलताबादला जाताना दिसतो : दिल्लीचे सूफी संत निजामुद्दीन औलिया यांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब याच स्थलांतरात इकडे आले आणि त्यांचा दर्गा खुलताबादला आहे. उलट बाजूला, दिल्ली परिसरातले १३२७ आणि १३२८ सालचे संस्कृत शिलालेख तिथली वस्ती नांदती असल्याच्या खुणा देतात. म्हणून बरेच इतिहासकार म्हणतात की हलले ते प्रामुख्याने वरच्या थरातले लोक, सगळी दिल्ली नव्हे.

बघ, तू यात स्वतःचं ‘मत’ कुठेच घुसवलं नाहीस. साक्षीदार समोरासमोर उभे केलेस. सर ज्याला ‘तुमचा विचार’ म्हणतात, तो एवढाच. चाचणीत हे असं लिहिता येईल : ‘बरनी आणि इब्न बतूता यांच्या मते दिल्ली पूर्ण ओस पडली. मात्र बरनीने तीस वर्षांनी लिहिले व इब्न बतूता घटनेनंतर आला. समकालीन शिलालेख वस्ती टिकल्याचे सुचवतात. त्यामुळे स्थलांतर मोठे असले तरी ते मुख्यतः दरबारी वर्गाचे असावे.’ चार वाक्यं. ‘मला वाटते’ एकदाही लिहावं लागलं नाही, आणि मी तर म्हणेन, लिहूही नकोस.

(जाता जाता तुझ्या सरांसारख्या सगळ्यांना : उत्तरपत्रिकेवर ‘चिकित्सक वाचा’ लिहिणं म्हणजे शिकवणं नव्हे. एक उतारा फळ्यावर घेऊन मुलांसमोर असा एकदा सोडवून दाखवा. एक तास जाईल, पण वर्षभराचे शेरे वाचतील.)

अर्थशास्त्रात साक्षीदाराऐवजी आकडा बोलतो, आणि आकड्यापुढे आपण फार लवकर मान डोलावतो. हे वाक्य घे : ‘दहा वर्षांत सोयाबीनचा हमीभाव जवळपास दुप्पट झाला.’ खरं आहे. २०१४-१५ ला क्विंटलमागे २,५६० रुपये होता, २०२४-२५ ला ४,८९२. हिशेब करून बघ, एक्क्याण्णव टक्के वाढ. वाक्य खोटं नाही, तरी त्यावरून ‘शेतकऱ्याचं उत्पन्न दुप्पट झालं’ असं लिहिलंस तर तू फसलीस. जाहीर झालेला भाव आणि मिळालेला भाव एक नसतो. त्याच २०२४-२५ च्या हंगामात बाजारात दर हमीभावाच्या खाली होते, हे तुझ्या घरी कुणाला सांगायची गरज नाही. शिवाय त्या दहा वर्षांत खत, फवारणी, मजुरी, मळणी यांचे दर कुठे गेले? आणि एकरी उतारा तेवढाच राहिला का? दुप्पट कशाच्या तुलनेत, हा प्रश्न विचारल्याशिवाय टक्केवारीचं कुठलंही वाक्य पुढे जाऊ देऊ नकोस. तक्ता दिसला की आधी त्याचं शीर्षक, एकक, वर्ष आणि खालची बारीक टीप वाचायची. ‘चालू किमतींनुसार’ आणि ‘स्थिर किमतींनुसार’ हे दोन शब्द तिथेच असतात. चालू किमतींत महागाई मिसळलेली असते, स्थिर किमतींत ती काढून टाकलेली. आपल्या सरकारची ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ दर वर्षी अर्थसंकल्पाच्या तोंडावर येते, मराठीत असते आणि मोबाइलवर फुकट मिळते. तिच्यातला एक तक्ता घेऊन त्याखाली फक्त प्रश्न लिहिण्याचा सराव कर.

या विषयात तुझ्याकडे शहरातल्या मुलांपेक्षा जास्त भांडवल आहे. ते वापरत नाहीस, कारण ‘घरची माहिती’ पुस्तकात चालत नाही अशी समजूत आहे. प्रश्न विचारायला ती चालते. उत्तर द्यायला मात्र एका घराचा अनुभव पुरत नाही, तिथे आकडे लागतातच. एवढं तारतम्य ठेव.

भूगोलाकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. तुझ्या दोन पुस्तकांत त्याची तीव्रता वेगळी सापडेल, कुठे ६.२, कुठे ६.४. मृतांचा आकडाही कुठे आठ हजारांजवळ, कुठे दहा हजारांजवळ. अशा वेळी विद्यार्थी काय करतो? एक आकडा पाठ करतो आणि दुसरं पुस्तक चुकीचं म्हणून सोडून देतो. मुळात भूकंप मोजायच्या पद्धती एकापेक्षा जास्त आहेत आणि त्यांचे आकडे थोडे वेगळे येतात. एकाच पद्धतीत ०.२ चा फरक पडला तर ऊर्जा जवळपास दुप्पट होते, म्हणून कुठल्या पद्धतीचा आकडा आहे हे सोबत नसेल तर तुलना करू नये.

त्याहून मोलाचा प्रश्न कारणाचा आहे. ‘तीव्र भूकंपामुळे प्रचंड जीवितहानी झाली’ असं वाक्य तू वाचलं असशील. १९६७ चा कोयनेचा भूकंप साधारण याच ताकदीचा होता, आणि तिथे मृत्यू दोनशेच्या आसपास. मग नुसती ताकद हे कारण पुरत नाही. किल्लारी भागात जाड दगडी भिंती मातीच्या गिलाव्यात रचलेल्या, आणि वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या जाड छताचं, ओझं. ‘अमुकमुळे तमुक झालं’ असं कुठेही वाचलंस की तेच कारण असून परिणाम वेगळा झाल्याचं उदाहरण शोधायचं. सापडलं, की मधला दुवा दिसायला लागतो.

आणि पुस्तकाचं छपाईचं वर्ष बघत जा, विशेषतः जुन्या बाजारातून घेतलं असेल तर. हा भाग पूर्वी भूकंपाच्या दृष्टीने सुरक्षित गणला जायचा. २००२ च्या सुधारित नकाशात सगळ्यात कमी धोक्याचा पहिला विभागच काढून टाकला. त्याआधीचं पुस्तक खोटं बोलत नाही, ते फक्त जुनं आहे.

राज्यशास्त्राबद्दल थोडक्यात. मराठवाड्याच्या अनुशेषावर प्रश्न आला की मुलं लिहितात, ‘कलम ३७१(२) ने मराठवाड्याला समान निधीचा हक्क दिला.’ मूळ कलम काढून शेवटपर्यंत वाच. राष्ट्रपती राज्यपालांकडे विशेष जबाबदारी सोपवू शकतात, आणि निधीचं न्याय्य वाटप करायचं ते एकूण राज्याच्या गरजांच्या अधीन राहून. निम्मे विद्यार्थी अटीच्या आधीच थांबतात. कायदा वाचताना कुणाला, कधी, कोणत्या अटीवर, आणि नाही केलं तर काय, एवढं शोधायचं. या कलमाखालची विकास मंडळं १९९४ साली आली आणि त्यांची मुदत एप्रिल २०२० अखेर संपली, हे कलमासोबत ठेवलंस की कागदावरचं आणि प्रत्यक्षातलं अंतर उत्तरात आपोआप येतं.

मराठीच्या पेपरला याच्या उलट सवय लागते. पैठणच्या नाथांच्या भारुडात एक सून देवीला नवस बोलते, सासरा, सासू, जाऊ, नणंदेचं पोर, नवरा, सगळ्यांची कटकट जाऊ दे म्हणते. वर्गात हसू पिकतं आणि मग कुणीतरी लिहितं की एकनाथांनी कुटुंबव्यवस्थेला विरोध केला! बोलते ती सून, लिहितात ते नाथ, आणि शेवटी ‘एकटीच राहू दे’ म्हणताना रोख विकारांतून सुटण्याकडे आहे. मात्र वरचा सासुरवासही खराच, म्हणून तर बाया ते ऐकताना माना डोलवतात. दोन्ही अर्थ धरून ठेवायचे. इथे ‘पुरावा काय’ विचारत बसलीस तर काहीच हाती लागणार नाही.

आता रोज करायचं काय? पिवळा पेन महिनाभर कपाटात टाक. पहिल्या वाचनात हातात काहीच नको. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल, आणि एका पानाला एकच रेघ, जिथे लेखकाचं मुख्य म्हणणं आहे तिथे. एकच रेघ मारायची म्हटलं की निवडावं लागतं, आणि निवडताना डोकं चालतं. मग वहीचं पान मधोमध दुमड. डावीकडे पुस्तक काय म्हणतं ते दोन-तीन ओळींत, उजवीकडे तुझा प्रश्न. उजवी बाजू कोरी राहिली तर तो धडा झाला असं समजू नकोस. सुरुवातीला प्रश्न बाळबोध वाटतील, वाटू देत.

त्यानंतर पुस्तक मिटून ते कुणाला तरी सांग. आईला सांग, धाकट्या भावाला सांग, पण आपल्या घरच्या बोलीत. ‘सदर स्थलांतरामुळे प्रशासकीय व्यवस्थेवर विपरीत परिणाम झाला’ हे तू आईला असं सांगणार नाहीस. ‘राजानं सगळा दरबार उचलून इकडं आणला, अन् तिकडं दिल्लीत बघायला कुणी राहिलं न्हाई’ असं सांगशील. ते सांगता आलं तर कळलं. पुस्तकाचेच शब्द तोंडात येत असतील तर तेवढा भाग पुन्हा वाचायचा, अख्खा धडा नव्हे.

रोज पाचही विषयांना हे करायला जाऊ नकोस, आठवड्यात दमशील. आठवड्याला एका विषयातला एक मुद्दा घे आणि तो दोन ठिकाणी वाच. एक तुझं पाठ्यपुस्तक, दुसरं मराठी विश्वकोशातली नोंद किंवा बालभारतीचं अकरावी-बारावीचं पुस्तक, दोन्ही मोबाइलवर फुकट आहेत. कुठे जुळतं, कुठे नाही, आणि एकाने काय गाळलं, एवढंच टिपायचं. टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफ या कामाला घेऊ नकोस. ज्याच्यावर लिहिणाऱ्याचं नाव नाही, साल नाही, त्याला विचारणार तरी काय?

एका खड्ड्यापासून जप. ही सवय नवीन लागली की काही मुलांना सगळंच खोटं वाटायला लागतं. ‘इतिहास विकत घेऊन लिहिलाय’, ‘आकडे सगळे बनावट’, असं बोलणं चिकित्सक वाटतं, पण ते वाचणं टाळण्याचं निमित्त असतं. पुरावा पुरेसा दिसला की मान्य करून पुढे जायचं.

तुझ्या तीन पर्यायांकडे येते. गाइड टाकून देऊ नकोस. विद्यापीठाच्या परीक्षेत अपेक्षित मुद्दे लागतातच, आणि ते गाइडमध्ये चांगले आखलेले असतात. फक्त क्रम बदल : आधी पाठ्यपुस्तक, मग तुझी वही, आणि शेवटी काही मुद्दा राहिला का हे तपासायला गाइड. काही परीक्षक ठरलेल्या उत्तरापलीकडचं वाचत नाहीत, हेही खरं. म्हणून अपेक्षित मुद्दे आधी लिही आणि तुझी चिकित्सा शेवटच्या परिच्छेदात, पुराव्यासह. गुण कुठेच जाणार नाहीत. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, तिथे तर हाच परिच्छेद उपयोगी पडेल.

अजून पुस्तकं? सध्या नकोत. आहेत तीच नीट वाच.

वेगवाचनाचा क्लास मुळीच लावू नकोस. तुझी अडचण वेगाची नाहीच. कादंबरी भराभर वाचावी, राज्यघटनेचं कलम मुंगीच्या पावलांनी, आणि तक्त्यापुढे तर थांबावंच लागतं. सगळ्याला एकच वेग शिकवणारा माणूस तुला पुन्हा पिवळ्या पेनाशीच आणून सोडेल. सहा हजार ही तुमच्या घरात लहान रक्कम नाही. त्यातले थोडे पैसे काढून परभणीच्या एखाद्या सार्वजनिक वाचनालयाची सभासद हो. गाइडच धर म्हणणाऱ्या त्या मैत्रिणीलाही सोबत घे. शनिवारी दोघींनी एकच पान वाचायचं, वह्या उघडायच्या आणि उजवीकडचे प्रश्न एकमेकींना वाचून दाखवायचे. तिचे प्रश्न तुझ्यापेक्षा वेगळे निघाले तर भांडा खुशाल, पण ते पान समोर ठेवून.